तोफा, खलिते आणि धरणे

संरक्षणमंत्र्याने आपल्या खात्याला अधिक पैसा मिळावा म्हणून विधिमंडळापुढे गाऱ्हाणे घालावे, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. जगातले यच्चयावत संरक्षणमंत्री तेच करीत आले आहेत. परंतु २६ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी कॅन्सस राज्यातील एका विद्यापीठात जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी आपल्या खात्याला बाजूला ठेवून शेजारच्या परराष्ट्रखात्याच्या तिजोरीत भर घालावी अशी रदबदली केली, आणि तीही इराक व अफगाणिस्तान अशा दोन मोहिमा एकाच वेळी चालू असताना केली, हे त्या देशाच्या राज्यकारभारात सहसा न घडणारे होते. त्यांनी मांडलेला हिशेब असा की, परराष्ट्रव्यवहारासाठी मागितलेली वर्षाची एकंदर रक्कम सुमारे ३६ अब्ज डॉलर असून संरक्षणखाते निव्वळ आपल्या माणसांच्या औषधपाण्यावर त्याहून अधिक खर्च करते. आणि जगभरच्या वकिलाती सांभाळणारे पेशेवर मुत्सद्दी सुमारे ६,६०० आहेत, म्हणजे एका विमानवाहू नौकेच्या ताफ्यावर जितकी माणसे लागतात त्यांहूनही कमी. परदेशांतील विकासकार्य पाहणाऱ्या यूएसएड या संस्थेत व्हिएतनाम युद्धाच्या काळी सुमारे १५,००० कर्मचारी होते, ते १९९० च्या दशकात ३,००० च्या आसपास उरले; आणि परदेशी जनतेशी बोलण्यासाठी उभारलेले माहितीखाते तर १९९९ साली मोडूनच टाकण्यात आले. गेट्स हे काही अहिंसाव्रती गृहस्थ नव्हेत. त्यांची अर्धी हयात सीआयए या गुप्तहेरसंस्थेत गेली होती आणि तिचे प्रमुखपदही त्यांनी भूषविले होते. फौज लढाई जिंकून देईल, पण जिंकलेल्या मुलखात न्यायकचेरी, शाळा आणि पाटबंधारे नांदते करणारे हात देशाने आपल्याच हाताने छाटले आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

या म्हणण्यामागे जो विचार आहे तो असा की, राष्ट्राची सुरक्षितता संरक्षण, मुत्सद्देगिरी आणि परदेशांतील विकास या तिन्हींवर उभी असते. १९८६ च्या कायद्यान्वये अमेरिकेच्या अध्यक्षाने राष्ट्रीय सुरक्षिततेच्या धोरणाचा मसुदा काँग्रेसपुढे ठेवायचा असतो. २००२ साली धाकट्या बुश यांनी ठेवलेल्या मसुद्यात विकासाला या तिघांत मानाची जागा मिळाली आणि २०१० साली परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी मुत्सद्देगिरी व विकास या दोहोंची मिळून एक मोठी तपासणी करवून तोच सिद्धांत पुन्हा, अधिक विस्ताराने, सांगितला. ज्याने कौटिल्याचे अर्थशास्त्र चाळले आहे त्याला या त्रयीत ओळखीचे चेहरे दिसतील, कारण राज्याच्या सात अंगांत दंड आहे, मित्र आहे आणि प्रजेने नांदते जनपदही आहे. भेद आहे तो एकाच, परंतु फार मोठ्या, बाबतीत: कौटिल्याचे जनपद राजाचे स्वतःचे, तर अमेरिकन विचारातले जनपद परक्याचे. दूरच्या देशातील शेताला पाणी मिळाले की आपल्या घरची झोप निर्धास्त होते, हे म्हणणे असत्य नाही; पण ज्याचे शेत आहे त्याला त्या पाण्याचा धनी मानायचे, की आपल्या निर्धास्त झोपेचे एक साधन, या प्रश्नाला अमेरिकेने वेळोवेळी जे उत्तर दिले त्यावरच, माझ्या मते, या धोरणाचे यश आणि अपयश बव्हंशी ठरत आले आहे.

या इतिहासाचा आरंभ १९४७ सालात सापडतो, आणि त्या एका वर्षात दोन्ही प्रवृत्तींचा जन्म शेजारी शेजारी झालेला दिसतो. २६ जुलै १९४७ रोजी ट्रुमन यांनी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यावर सही केली. राष्ट्रीय सुरक्षा परिषद, सीआयए, स्वतंत्र हवाईदल आणि सैन्याच्या तिन्ही दलांवर एक मंत्री हा सारा इमला त्या कायद्याने उभा केला. त्याच्या आधी सातच आठवडे, ५ जून रोजी, परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात एक छोटेसे भाषण करून युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपला मदतीचा हात देऊ केला. मार्शल हे हाडाचे शिपाईगडी. महायुद्धात ते अमेरिकन भूसेनेचे प्रमुख होते, पुढे १९५० मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि १९५३ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच माणसाच्या चरित्रात ही तिन्ही अंगे एकवटावीत, हा योग पुन्हा आला नाही.

मार्शल योजनेत चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर खर्च झाले हे सर्वश्रुत आहे, पण तिचे मर्म रकमेत नव्हते. योजना कशी असावी हे वॉशिंग्टनने ठरविले नाही. युरोपीय राष्ट्रांनी आपापसांत बसून आपली गरज काय ते कळवावे, असे मार्शल यांनी बजावले, आणि त्याप्रमाणे सोळा राष्ट्रांचे प्रतिनिधी त्याच उन्हाळ्यात पॅरिसला जमून मागणीपत्रक तयार करते झाले. मदत बहुतांशी मालाच्या रूपाने येई, तो माल देशात विकून जे स्थानिक चलन जमे ते वेगळ्या खाती ठेवून त्याच देशाच्या पुनर्बांधणीत घातले जाई. शिवाय युरोपात कारखाने जमीनदोस्त झाले असले तरी ते चालविणारे अभियंते, हिशेब ठेवणारे कारकून, न्यायाधीश आणि पेढ्या शाबूत होत्या. जे एकदा उभे होते ते पुन्हा उभे करायचे होते. ही गोष्ट पुढे इतकी विसरली गेली की, एप्रिल २००२ मध्ये मार्शल ज्या सैनिकी विद्यालयात शिकले तिथेच बुश यांनी अफगाणिस्तानच्या पुनर्रचनेसंबंधी बोलताना त्यांच्या नावाचा दाखला दिला, तेव्हा त्याच देशातल्या हेल्मंड नदीच्या खोऱ्यात मार्शल योजनेच्याही आधीपासून अमेरिकन अभियंते आणि अमेरिकन यंत्रे येऊन गेली होती याची आठवण श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना असेल.

हेल्मंडची ती कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. १९४६ साली अफगाण सरकारने मॉरिसन-नूडसन या अमेरिकन बांधकाम कंपनीला त्या नदीवर धरणे व कालवे बांधण्याचे कंत्राट दिले. १९५३ मध्ये कजाकीचे धरण पुरे झाले. अमेरिकन अभियंत्यांची वस्ती ज्या लष्करगाह गावी झाली त्याला लोक छोटी अमेरिका म्हणू लागले. कालव्यांचे पाणी आले, पण निचऱ्याची तजवीज अपुरी असल्यामुळे कित्येक ठिकाणी जमिनी चिबड झाल्या आणि वर मीठ फुटले. नीरा-कृष्णेच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात ज्यांनी क्षारपड शेते पाहिली आहेत त्यांना हे दुखणे समजावून सांगायला नको. १९७५ मध्ये यूएसएडने धरणाच्या पायथ्याशी वीजघर बांधून त्यात दोन जनित्रे बसविली आणि तिसऱ्यासाठी मधली जागा रिकामी ठेवली. त्यानंतर त्या देशावर जे प्रसंग कोसळले त्यात ती जागा रिकामीच राहिली.

२००१ नंतर अमेरिका पुन्हा तिथे आली ती फौजेसह. तिसरे जनित्र बसवून कंदाहार आणि लष्करगाहला वीज द्यावी, वीज मिळाली की उद्योग येतील, उद्योग आले की तरुण तालिबानकडे जाणार नाहीत, अशी ही तर्कमालिका होती. आणि कागदावर तिच्यात एकही कडी सुटी दिसत नव्हती. जनित्र चिनी बनावटीचे, सुटे भाग मिळून वजन सुमारे २२० टन. धरणाकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर सुरुंग पेरलेले, म्हणून २००८ च्या ऑगस्टअखेरीस ब्रिटिश सेनेने हे भाग सात अवजड गाड्यांवर लादून कंदाहारहून वाळवंटाच्या आडवाटेने काढले. पुढेमागे शंभराच्या आसपास वाहने, वर घिरट्या घालणारी विमाने, दुतर्फा हजारो सैनिक. सुमारे १८० किलोमीटरची मजल गाठायला पाच दिवस लागले, आणि सप्टेंबरच्या आरंभी सारा सरंजाम सुखरूप कजाकीला पोहोचला, तेव्हा लंडनच्या वृत्तपत्रांनी महायुद्धानंतरच्या मोठ्या पराक्रमांत त्याची गणना केली. पराक्रम तर तो खराच होता.

पण जनित्र बसवायचे तर पायासाठी शेकडो टन सिमेंट हवे होते, आणि सिमेंटच्या गाड्या काही वर्षातून एकदा पाच हजार फौजेच्या पहाऱ्यात आणता येत नाहीत. त्यांना रोजचा उघडा रस्ता लागतो. तो रस्ता कोणाच्याच ताब्यात नव्हता, किंवा खरे बोलायचे तर दुसऱ्याच्या ताब्यात होता. कंत्राटदार काम टाकून गेला, भाग ताडपत्रीखाली पडून राहिले, २०१३ मध्ये अमेरिकनांनी ते काम अफगाण वीजमंडळाच्या गळ्यात घातले आणि २०१६ साली, म्हणजे त्या पराक्रमानंतर आठ वर्षांनी, तिसरे जनित्र एकदाचे बसले. मधल्या काळात जुन्या दोन जनित्रांची वीज ज्या खेड्यांतून जात होती त्यांपैकी पुष्कळशी तालिबानच्या अंमलाखाली असल्यामुळे तिथली वीजपट्टी तालिबानच वसूल करीत होते, असेही उघडकीला आले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले आणि तीन जनित्रांसह ते धरण आता ज्यांच्यापासून त्या मुलखाचे संरक्षण करायचे होते त्यांच्याच दप्तरी जमा आहे.

यात दोष सैनिकांचा काढणे अन्यायाचे होईल. त्यांना सांगितले ते काम त्यांनी चोख केले. दोष होता तो विकासाला फौजेच्या पंचांगावर चालविण्यात. पलटणीची तिथली नेमणूक सहा महिन्यांची वा वर्षाची, आणि नेमणूक संपण्याआधी आपल्या हाताखाली काहीतरी उभे राहिलेले दाखविण्याची सेनाधिकाऱ्यांना घाई. कालवा, शाळा, न्यायकचेरी यांची मुदत पिढीची. सेनाधिकाऱ्यांच्या हाती विहिरी, रस्ते, शाळा बांधण्यासाठी रोख रकमा दिल्या जात, आणि अमेरिकन भूसेनेने २००९ मध्ये त्यांच्यासाठी काढलेल्या हस्तपुस्तिकेत पैशाला चक्क शस्त्रांच्या यादीत बसविले होते. पैसा शस्त्र झाला म्हणजे गावकरीही ते ओळखतात. ज्या गावात गोळीबार होतो तिथे अनुदान येते आणि शांत गाव कोरडे राहते, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. अफगाणिस्तानच्या पुनर्रचनेवर नेमलेल्या खास महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०२१ च्या अहवालात जो जमाखर्च मांडला त्याप्रमाणे वीस वर्षांत पुनर्रचनेवर सुमारे १४५ अब्ज डॉलर गेले, आणि त्यांच्या निष्कर्षात वारंवार येणारा मुद्दा हा की, अल्पावधीत फार पैसा ओतल्याने भ्रष्टाचार वाढला. आपल्याकडे मार्चअखेरीस निधी संपविण्याची धांदल ज्यांनी कचेऱ्यांतून पाहिली आहे त्यांनी ती धांदल वीस वर्षे, बंदुकीच्या धाकात, चालली अशी कल्पना करावी.

उलट, जिथे विकासाला सैन्यापासून दूर, त्याच्या स्वतःच्या गतीने चालू दिले तिथे गोष्ट निराळी घडली. त्याच बुश यांनी २००३ मध्ये एड्सच्या निवारणासाठी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची योजना काढली. तिच्यात शत्रू-मित्रांची यादी नव्हती, होती ती औषधे, तपासण्या आणि गरोदर बायकांची नोंदवही. तिच्यामुळे सुमारे अडीच कोटी जीव वाचल्याचे मानले जाते, आणि आफ्रिकेतील कित्येक देशांत अमेरिकेच्या नावाला जी पत होती ती मिळविण्यात तिचा वाटा मोठा होता.

तिघांतले मधले अंग, मुत्सद्देगिरी, हे बहुधा सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. वकिलातीतला माणूस राष्ट्राचे कान असतो. त्याने ऐकलेले वरिष्ठांनी ऐकले नाही तर त्याचा पगारसुद्धा व्यर्थ. आपल्या उपखंडाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मार्च १९७१ मध्ये ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने कत्तल आरंभिली तेव्हा तिथले अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिल रोजी आपल्या सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी वॉशिंग्टनला तार करून सरकारच्या मौनाविरुद्ध उघड मतभेद नोंदविला. निक्सन आणि किसिंजर यांना त्या वेळी पाकिस्तानच्या मध्यस्थीने चीनचे दार उघडायचे होते. तार दप्तरात गेली आणि ब्लड यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली. डिसेंबर उजाडेपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, युद्ध पेटले होते, आणि ज्या अमेरिकेने तारेकडे पाहिले नव्हते तिला ‘एंटरप्राइझ’ ही अजस्र विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडावी लागली. त्या नौकेने युद्धाचा निकाल तसूभरही बदलला नाही; मात्र भारतीयांच्या एका अख्ख्या पिढीच्या मनात तिने कायमचे घर केले.

मदत घेणाऱ्याच्या बाजूने ही त्रयी कशी दिसते, हे सांगण्याचा आपल्याला थोडा अधिकार आहे. १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकन गहू आपल्याकडे आला आणि त्याने पुष्कळ चुली पेटत्या ठेवल्या, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेली अमेरिकन मिलो, ती तांबडी ज्वारी, तिच्या चवीबद्दल म्हाताऱ्या माणसांनी कितीही नाके मुरडली तरी, वेळेला धावून आली. परंतु १९६५ ते ६७ या अवर्षणाच्या वर्षांत अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची जहाजे महिन्याच्या महिन्याला, हात राखून, सोडली. शेतीधोरण बदला हा आग्रह त्यामागे होता आणि व्हिएतनामसंबंधी दिल्लीने केलेल्या टीकेचा रागही होता. शेतीधोरण बदलले, ते हिताचेही झाले, पण ते बदलताना देशाने मनाशी खूणगाठ बांधली ती पुन्हा कोणापुढे पदर न पसरण्याची. तारापूरची कथाही याच वळणाची आहे. १९६३ च्या कराराने आणि यूएसएडच्या स्वस्त कर्जाने ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरच्या, किनाऱ्यावर देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले, १९६९ मध्ये त्याची वीज वाहू लागली, आणि तीस वर्षे इंधन पुरविण्याचे अमेरिकेने कबूल केले. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नवा कायदा केला, इंधन अडले, आणि अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने ते द्यावे अशी तडजोड निघाली. कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेची बाजू अगदीच लंगडी होती असे नाही. पण तारापूरला जे घडले ते आपल्या मुत्सद्द्यांनी पुढच्या प्रत्येक तहनाम्याच्या वेळी लक्षात ठेवले.

मग गेट्स यांच्यासारख्यांनी सांगूनही तोल का सुधारला नाही? उत्तर बरेचसे लौकिक आहे. लढाऊ विमानाचे सुटे भाग अमेरिकेच्या चाळीसहून अधिक राज्यांत बनतात. ते विमान रद्द करू म्हणणाऱ्याला त्या त्या मतदारसंघातले बेकार कामगार आठवतात. मलावीतल्या दवाखान्याला मतदारसंघ नाही, मोगादिशूतल्या वकिलातीला कामगार संघटना नाही. परदेशी मदतीवर सरकारी खर्चाचा किती भाग जातो असे अमेरिकन नागरिकांना विचारले तर सरासरी उत्तर चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते. प्रत्यक्षात तो अलीकडेपर्यंत शंभरात एकाच्या घरात होता. मार्च २०१३ मध्ये जनरल जेम्स मॅटिस यांनी सेनेटच्या समितीपुढे, परराष्ट्रखात्याला पुरेसा पैसा दिला नाहीत तर मला जादा दारूगोळा घ्यावा लागेल, अशा आशयाची साक्ष दिली. तिचा उल्लेख त्यानंतर शेकडो भाषणांत झाला, अंदाजपत्रकात फारसा झाला नाही.

२०२१ मध्ये बायडन यांनी यूएसएडच्या प्रमुखाला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत जागा दिली. चारच वर्षांनी, २० जानेवारी २०२५ रोजी, ट्रम्प यांनी अधिकारावर येताच परदेशी मदत नव्वद दिवस तहकूब केली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर केले, १ जुलैला यूएसएडचे स्वतंत्र अस्तित्व संपून उरलेसुरले काम परराष्ट्रखात्यात विलीन झाले, आणि दहा दिवसांनी त्या परराष्ट्रखात्यातूनही तेराशेहून अधिक जणांना नारळ मिळाला. या संस्थेचे टीकाकार सारेच कठोरहृदयी नव्हते, हेही सांगितले पाहिजे: तिचा पुष्कळसा पैसा वॉशिंग्टनच्या परिसरातल्या बड्या कंत्राटदारांतच मुरत असे, आणि धान्याची मदत बव्हंशी अमेरिकन शेतातली, निदान अर्धी अमेरिकन जहाजांतूनच गेली पाहिजे असा दंडक असल्याने भुकेल्यापर्यंत ती उशिरा आणि महाग होऊन पोहोचे. घर गळते म्हणून कौले बदलण्याची तयारी होती, ती मंडळी वाशांसह छप्पर उतरलेले पाहून बुचकळ्यात पडली.

फेरविचार करायचाच झाला तर तो बहुधा सिद्धांतांच्या मसुद्यापेक्षा हिशेबाच्या चोपडीपासून करावा लागेल. अमेरिकन काँग्रेसच्या प्रत्येक सभागृहात खर्च मंजूर करणाऱ्या बारा उपसमित्या आहेत. संरक्षणाचा खर्च एकीपुढे येतो, परराष्ट्रव्यवहार आणि मदत यांचा दुसरीपुढे. परिणामी साहेलमधल्या दुष्काळावर खर्च करावा की तिथे घिरट्या घालणाऱ्या वैमानिकरहित विमानांवर, हा प्रश्न एका टेबलावर, एका दिवशी, एकाच माणसांपुढे कधी येतच नाही. सुरक्षिततेचा सारा खर्च एकाच पत्रकात, शेजारी शेजारी मांडावा, ही सूचना तिथल्या अभ्यासकांनी अनेकदा केली आहे. तिला खर्च फारसा येत नाही. मात्र ती अंमलात यायची तर एका उपसमितीच्या अध्यक्षाने आपल्या अधिकाराचा काही भाग दुसरीच्या अध्यक्षाला द्यावा लागेल, आणि त्याला अद्याप कोणी राजी झालेले नाही.